घरात दोन राउटर, दोन डेस्कटॉप: शेअर केलेलं फोल्डर एका खोलीत उघडतं, दुसऱ्या खोलीत नाही

धायरी_फाटा

सिंहगड रोडला दोन बीएचके फ्लॅट आहे. हॉलमध्ये फायबर कंपनीने बसवलेला वाय-फायवाला डबा, आणि त्यातून एक लांब केबल आतल्या खोलीत माझ्या स्वतःच्या राउटरला. आतल्या खोलीत दोन डेस्कटॉप आहेत, दोन्ही त्या राउटरला केबलने जोडलेले. दोन्हीवर विंडोज ११ प्रो, दोन्ही एकाच दुकानातून एकाच दिवशी जुळवून घेतलेले. पहिल्यावर २ टीबीची डिस्क आहे, त्यातलं 'फोटो' नावाचं फोल्डर शेअर केलंय. लॅपटॉपवर विंडोज ११ होम आहे, तो कंपनीतूनच विंडोजसह आलेला. राउटरच्या यूएसबी पोर्टला एक जुनी डिस्क लावली आहे, ती टीव्हीसाठी.

अडचणी अशा:

लॅपटॉप आतल्या खोलीत असला की फोल्डर उघडतं. हॉलमध्ये घेऊन बसलं की '०x८००७००३५, नेटवर्क पाथ वॉज नॉट फाउंड' येतं.

दुसऱ्या डेस्कटॉपवर पहिला डेस्कटॉप दिसतो, नाव आणि पासवर्ड विचारतो, पण बरोबर पासवर्ड टाकूनही 'यूजर नेम ऑर पासवर्ड इज इनकरेक्ट'. तेच नाव, तोच पासवर्ड लॅपटॉपवरून चालतो. पूर्वी इथूनही चालायचं.

राउटरची डिस्क लॅपटॉपवर उघडते, दोन्ही डेस्कटॉपवर नाही. 'युअर ऑर्गनायझेशन्स सिक्युरिटी पॉलिसीज ब्लॉक अनऑथेंटिकेटेड गेस्ट ॲक्सेस' असा संदेश येतो. घरच्या कॉम्प्युटरला कसली ऑर्गनायझेशन?

आणि जेव्हा कॉपी होते तेव्हा वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर जात नाही.

नेटवर सगळीकडे 'एसएमबी १ (विंडोजची फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू करा' असं सांगितलंय. करू का?

नारायणपेठी

एसएमबी १ चालू करू नका. त्याचं कारण पुढे कोणीतरी नीट लिहीलच, आधी पहिल्या अडचणीचं बघू. तुमच्या चार अडचणींची चार वेगळी कारणं आहेत, त्यामुळे एक उपाय करून चारही सुटतील अशी अपेक्षा ठेवू नका. एकेक सोडवा आणि प्रत्येक बदलानंतर तपासा. तीन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने सुटलं आणि कशाने बिघडलं, काहीच कळत नाही.

पहिल्या डेस्कटॉपवर आणि हॉलमध्ये बसून लॅपटॉपवर, दोन्हीकडे कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' चालवा. 'आयपीव्ही४ ॲड्रेस' आणि 'डिफॉल्ट गेटवे' या दोन ओळी इथे लिहा. मग लॅपटॉपवर पॉवरशेल उघडून 'टेस्ट-नेटकनेक्शन', डेस्कटॉपचा पत्ता आणि '-पोर्ट ४४५' अशी कमांड द्या. शेवटच्या ओळीत 'टीसीपी टेस्ट सक्सीडेड' पुढे ट्रू की फॉल्स ते सांगा. फक्त पिंगवर (समोरचं मशीन उत्तर देतं का ते बघणाऱ्या कमांडवर) विसंबू नका. नेटवर्क 'पब्लिक' असेल तर विंडोजची फायरवॉल पिंगला उत्तरच देत नाही, म्हणजे पिंग बंद असून रस्ता उघडा असू शकतो आणि उलटही होतं. फाइल शेअरिंग ४४५ या टीसीपी पोर्टवर चालतं, तेव्हा तेच पोर्ट तपासायचं.

धायरी_फाटा

डेस्कटॉप: १९२.१६८.०.१०५, गेटवे १९२.१६८.०.१.
हॉलमध्ये लॅपटॉप: १९२.१६८.१.७, गेटवे १९२.१६८.१.१. पोर्ट ४४५ फॉल्स.
आतल्या खोलीत, माझ्या राउटरच्या वाय-फायवर लॅपटॉप: १९२.१६८.०.११२. पोर्ट ४४५ ट्रू.

नारायणपेठी

इथेच उत्तर आलं. पत्त्याचा तिसरा आकडा बघा: आत ०, बाहेर १. घरात दोन वेगळी नेटवर्क झाली आहेत. कंपनीचा डबाही राउटर आहे आणि तुमचाही राउटर आहे, आणि तुमच्या राउटरच्या 'वॅन' (इंटरनेटच्या बाजूच्या) पोर्टात हॉलमधली केबल लावलेली आहे. राउटर वॅनकडून स्वतःहून येणारं काहीही आत सोडत नाही, त्याच्या दृष्टीने तुमचा हॉल म्हणजे बाहेरचं इंटरनेट. आतून बाहेर जाता येतं म्हणून इंटरनेट सगळीकडे सुरळीत चालतं आणि कोणाला शंका येत नाही. पुण्यात घरोघरी फायबर आल्यापासून हा घोळ फार दिसतो, कारण कंपनीच्या डब्याची रेंज आतल्या खोल्यांपर्यंत पोचत नाही आणि लोक जुना राउटर पुढे जोडतात.

तुमच्या राउटरने फक्त वाय-फाय आणि केबलची पोर्टं पुरवायची, पत्ते वाटायचं काम हॉलमधल्या डब्याकडे ठेवायचं. राउटरच्या पानावर 'ऑपरेशन मोड' मध्ये 'ॲक्सेस पॉइंट' असा पर्याय असेल तर तो निवडा, राउटर पुन्हा सुरू होईल आणि काम झालं.

तो पर्याय नसेल तर हाताने करावं लागतं, आणि इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी वॅनमधली केबल काढा. डेस्कटॉपवरून राउटरच्या पानावर जाऊन त्याचा लॅनचा (घराच्या बाजूचा) पत्ता १९२.१६८.१.२ करा. राउटर पुन्हा सुरू झाला की नव्या पत्त्यावर जाऊन डीएचसीपी (पत्ते वाटायची सोय) बंद करा. त्यानंतरच हॉलमधून येणारी केबल राउटरच्या लॅन पोर्टात लावा, वॅन पोर्ट रिकामं ठेवा. डीएचसीपी आधी बंद केलंत तर डेस्कटॉपला पत्ताच मिळणार नाही आणि राउटरचं पान उघडता येणार नाही. तसं झालंच तर डेस्कटॉपला तात्पुरता १९२.१६८.१.५० असा पत्ता हाताने द्या. १९२.१६८.१.२ हा पत्ता हॉलमधला डबा दुसऱ्या कोणाला वाटत नाही ना, तेवढं त्याच्या डीएचसीपीच्या यादीत बघून घ्या. नवा पत्ता कागदावर लिहून राउटरला चिकटवा, नाहीतर सहा महिन्यांनी तो सापडणार नाही.

दोन्हीकडच्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवलात तरी चालतं. फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल वेगळे द्या, एकाला १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११. मधले आकडे देऊ नका, ते दोन्ही बाजूंच्या चॅनेलवर चढतात.

आणि आता लोक हमखास अडकतात ती गोष्ट. गेटवे बदलला की विंडोजला हे नवीन नेटवर्क वाटतं आणि ते त्याला 'पब्लिक' ठरवतं. मग सगळं बरोबर जोडूनही फोल्डर बंदच. तिन्ही मशीनवर सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' खाली त्या त्या जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'प्रायव्हेट' करा. मग 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज' मध्ये प्रायव्हेटखाली 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू आहे का ते पाहा. विकतचा अँटिव्हायरस असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असते आणि तीही हाच प्रश्न वेगळा विचारते. तिथेही 'होम' किंवा 'ट्रस्टेड' द्यावं लागतं. लॅपटॉपवर ऑफिसचं व्हीपीएन चालू असेल तर तपासणीपुरतं बंद ठेवा, बरीच व्हीपीएन घरातल्या नेटवर्कचा रस्ता मुद्दाम तोडतात.

'गेस्ट वाय-फाय' वर कोणी जोडलं असेल तर त्याला यातलं काहीच दिसणार नाही. ते तसंच असायला हवं.

पर्वती_पायथा

दुसऱ्या डेस्कटॉपच्या पासवर्डबद्दल. नेहमीची कारणं आधी बाजूला काढू.

पिन चालत नाही. रोज लॉगिनला जो चार-सहा आकडी पिन टाकता तो त्याच मशीनपुरता असतो. नेटवर्कवर खात्याचा खरा पासवर्ड लागतो. पासवर्ड रिकामा असलेलं खातंही नेटवर्कवरून चालत नाही, विंडोज ते मुळातच अडवतं. म्हणून शेअरिंगसाठी पहिल्या डेस्कटॉपवर वेगळं स्थानिक खातं काढणं सगळ्यात सरळ. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, 'नेट यूजर', खात्याचं नाव, मोकळी जागा, ताऱ्याची खूण (*), मोकळी जागा आणि '/ॲड' अशी कमांड द्या. ताऱ्यामुळे पासवर्ड नंतर विचारला जातो आणि पडद्यावर दिसत नाही. खात्याचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता ठेवा.

परवानग्या दोन ठिकाणी असतात: 'शेअरिंग' टॅबवर आणि 'सिक्युरिटी' टॅबवर. दोन्हींपैकी जी कडक असेल ती लागू होते. शेअरिंगमध्ये 'एव्हरीवन' ला 'फुल कंट्रोल' देऊन खरा चाप सिक्युरिटीमध्ये लावा: तुमच्या नव्या खात्याला 'मॉडिफाय', टीव्हीसाठी वेगळं खातं काढलंत तर त्याला फक्त 'रीड'. म्हणजे बघायची जागा एकच राहते.

जोडताना नाव लिहायची पद्धत: डेस्कटॉपचं नाव, उलटी तिरकी रेघ, मग खातं. नुसतं खातं लिहिलं तर विंडोज कधीकधी ते स्वतःच्याच मशीनवर शोधतं. आणि एकदा चुकीचा पासवर्ड साठवला गेला असेल तर तोच परत परत पाठवला जातो. कंट्रोल पॅनलमधल्या 'क्रेडेन्शियल मॅनेजर' मध्ये 'विंडोज क्रेडेन्शियल्स' खालची त्या मशीनची जुनी नोंद काढून टाका. 'नेट यूज * /डिलीट' केलं की आधीच्या जोडण्या तुटतात. एकाच मशीनला एकाच वेळी दोन वेगळ्या खात्यांनी जोडायला गेलात तर १२१९ क्रमांकाची चूक येते, तिचंही औषध हेच.

पण तुमच्या बाबतीत मला हे कारण वाटत नाही. तेच नाव, तोच पासवर्ड लॅपटॉपवरून चालतो, म्हणजे खातं आणि परवानग्या ठीक आहेत. दोन्ही डेस्कटॉप एकाच दुकानात एकाच दिवशी जुळवलेले आहेत, आणि पूर्वी चालायचं ते आता चालत नाही. हे दोन एकत्र वाचल्यावर माझा संशय डिस्कच्या नकलेवर जातो. एका मशीनवर विंडोज टाकून त्याची डिस्क दुसऱ्यावर जशीच्या तशी उतरवली असेल तर दोघांचा एसआयडी, म्हणजे विंडोजने त्या मशीनला दिलेला ओळख क्रमांक, एकच होतो. वर्षानुवर्षं याने काही अडत नव्हतं. २०२५ च्या ऑगस्टअखेरीपासून आलेल्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ आवृत्त्या ही तपासणी कडक करतात आणि एसआयडी सारखा असलेल्या दोन मशीनमधलं लॉगिन नाकारतात. संदेश मात्र पासवर्ड चुकल्याचाच येतो, त्यामुळे माणूस पासवर्डच बदलत बसतो.

तपासायला दोन मिनिटं लागतात. दोन्ही डेस्कटॉपवर 'हूॲमआय /यूजर' चालवा. एस-१-५-२१ नंतर तीन लांबलचक आकडे येतात आणि शेवटी १००१ सारखा छोटा आकडा. छोटा सोडून द्या, तो खात्याचा असतो. तीन लांब आकडे दोन्हीकडे तंतोतंत सारखे असतील तर नक्कल आहे. दुसरा पुरावा 'इव्हेंट व्ह्यूअर' मध्ये: 'विंडोज लॉग्ज', 'सिस्टिम', तिथे ६१६७ क्रमांकाची नोंद शोधा, मशीन आयडी जुळत नसल्याची. दोन्ही मशीनवर बघा.

मुठाकाठ

राउटरच्या डिस्कबद्दल आणि एसएमबी १ बद्दल मी लिहितो.

'ऑर्गनायझेशन' शब्दाने घाबरू नका, तो संदेश ऑफिससाठी लिहिलेला आहे आणि घरीही तोच दिसतो. राउटरची डिस्क कुठलाही पासवर्ड न विचारता 'गेस्ट' म्हणून उघडते. विंडोज ११ च्या २४एच२ पासून प्रो आवृत्तीत गेस्ट म्हणून जाणं बंद झालं आणि प्रत्येक जोडणीवर सही, म्हणजे साइनिंग, सक्तीचं झालं. सहीची किल्ली पासवर्डवरून तयार होते. गेस्टला पासवर्ड नाही म्हणून सही नाही. होममध्ये ही बंधनं इतकी कडक नाहीत, म्हणून लॅपटॉपवर उघडतं आणि डेस्कटॉपवर नाही.

त्यामुळे विंडोज सैल करण्याआधी राउटर सुधारा. फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, मग त्याच्या यूएसबी शेअरिंगच्या पानावर पासवर्ड लावायची सोय शोधा आणि लावा. त्यानंतर 'क्रिप्टोग्राफिक सिग्नेचर इज इनव्हॅलिड' असा संदेश आला तर राउटरला सही जमत नाही असा अर्थ. 'सेट-एसएमबीक्लायंटकॉन्फिगरेशन' या पॉवरशेल कमांडने सहीची सक्ती काढता येते, पण ती त्या एका राउटरपुरती निघत नाही, त्या डेस्कटॉपच्या सगळ्याच जोडण्यांवरून निघते. एका जुन्या डिस्कसाठी तेवढं मोल देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

राउटर फक्त एसएमबी १ च बोलत असेल तर विषय संपला. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच एसएमबी १ मधल्या भोकातून. त्या भोकाचं ठिगळ मार्चमध्येच आलं होतं, पण एसएमबी १ मध्ये सही-कुलूप आजच्या तोलाचं नाहीच, ते ठिगळाने येत नाही. त्याच वर्षीच्या १७०९ आवृत्तीपासून विंडोज १० च्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ते मुळात येत नाही. ते पुन्हा घालणं म्हणजे घरातल्या टॅक्सच्या फायली आणि फोटो असलेल्या मशीनचं दार उघडं टाकणं. सध्या कोणती आवृत्ती चालू आहे ते बघायचं असेल तर फोल्डर उघडं ठेवून पॉवरशेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि 'गेट-एसएमबीकनेक्शन' चालवा. 'डायलेक्ट' खाली विंडोज ११ च्या दोन मशीनमध्ये ३.१.१ दिसायला हवं.

सोपा मार्ग: ती डिस्क राउटरवरून काढा आणि पहिल्या डेस्कटॉपला लावा. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर बसणार नाही. आतला माल दुसरीकडे हलवून एनटीएफएस करून घ्या.

आरजे४५

११ एमबीचा आकडा नेमका आहे म्हणून सांगतो: १०० मेगाबिटच्या जोडणीची ती कमाल आहे. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून शंभराला आठने भागा, साडेबारा, त्यातून डेटाच्या पाकिटांवरच्या पत्त्या-नोंदींचा खर्च वजा जाता अकरा-साडेअकरा उरतात. वाय-फाय किंवा डिस्क संथ असती तर आकडा वरखाली झाला असता. तुमचा एका जागी अडलाय.

डेस्कटॉपच्या इथरनेट प्रॉपर्टीजमध्ये 'लिंक स्पीड' बघा. १००/१०० दिसलं तर दोनच कारणं. एक, राउटरची पोर्टं १०/१०० ची आहेत, स्वस्त राउटरमध्ये बहुतेक असतातच, वाय-फायचे आकडे खोक्यावर कितीही मोठे छापलेले असोत. दोन, केबल. १०० मेगाबिटला चारपैकी दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. एक तार नीट दाबली गेली नसेल तर जोडणी तुटत नाही, मुकाट्याने १०० वर उतरते.

राउटर बदलायची गरज नाही. पाच पोर्टांचा गिगाबिट स्विच घ्या, दोन्ही डेस्कटॉप त्यात लावा आणि स्विचमधून एक केबल राउटरला. दोन डेस्कटॉपमधली कॉपी मग स्विचमध्येच होते, राउटरपर्यंत जात नाही. वेग सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जाईल, हार्ड डिस्क तेवढं देत असेल तर. हजारो छोट्या फोटोंची कॉपी तरीही हळूच होणार, कारण प्रत्येक फाइलमागे उघड-मीट असते.

केबल तपकीर गल्लीतून घेताना 'कॅट ६, शुद्ध तांबं' असं सांगून घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण लांब अंतरावर आणि वारंवार वाकवल्यावर दगा देते. टोकाची तार खरवडून बघा, आत चंदेरी दिसली तर परत द्या. स्वतः क्रिंप करणार (टोकाला प्लग दाबून बसवणार) असाल तर क्लिप खाली आणि पिना वर ठेवून डावीकडून क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याची जोडी निळ्याच्या दोन्ही बाजूंना फाकते, लोक चुकतात ती इथेच.

धायरी_फाटा

ॲक्सेस पॉइंट मोड होता, केला. आता हॉलमधूनही पोर्ट ४४५ ट्रू. प्रायव्हेट करावं लागलंच. लिंक स्पीड १००/१०० आहे, स्विच आणतो.

दोन्ही डेस्कटॉपचे तीन लांब आकडे अगदी सारखे आहेत, आणि ६१६७ च्या नोंदी दुसऱ्या मशीनवर ढिगाने आहेत. आता काय करू? एसआयडी बदलून देणारी सॉफ्टवेअर नेटवर दिसतायत.

पर्वती_पायथा

ती वापरू नका. एसआयडी फक्त एका ठिकाणी नसतो. रजिस्ट्री आणि डिस्कवरच्या प्रत्येक फोल्डरच्या परवानग्यांत तो कोरलेला असतो. बाहेरच्या सॉफ्टवेअरने अर्धवट बदलला तर पुढचा गोंधळ निस्तरणं अवघड. मायक्रोसॉफ्टची स्वतःची पद्धत म्हणजे 'सिसप्रेप', 'जनरलाइझ' वर खूण करून. पण ती वापरात असलेल्या मशीनवर बरेचदा अडते, एखादं स्टोअरमधलं ॲप एकाच खात्यापुरतं बसवलेलं असलं तरी थांबते, आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर सुरूच होत नाही.

घरच्या मशीनला कोरं विंडोज टाकणं जास्त भरवशाचं. दोघांपैकी दुसऱ्यावर टाका, डेटा असलेल्या पहिल्याला हात लावू नका. एकाचा बदलला की काम झालं. मायक्रोसॉफ्टच्या 'मीडिया क्रिएशन टूल' ने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर करा. त्याआधी फायली पहिल्या डेस्कटॉपवर उतरवा, आणि सेटिंग्जमधल्या 'ॲक्टिव्हेशन' मध्ये 'डिजिटल लायसन्स' लिहिलंय का ते बघून ठेवा. असेल तर त्याच मदरबोर्डवर की पुन्हा मागत नाही. नसेल, किंवा दोन्ही मशीनला एकच की असेल, तर बिल घेऊन दुकानात जा आणि दुसरी की मागा. तो तुमचा हक्क आहे.

त्या मशीनला डी ड्राइव्ह असेल तर कोऱ्या विंडोजनंतर काही फोल्डर उघडायला नकार देतील, आणि सिक्युरिटी टॅबवर नावाच्या जागी एस-१-५-२१ चा लांब आकडा दिसेल. ते जुनं खातं. 'ॲडव्हान्स्ड' मध्ये मालकी स्वतःकडे घ्या, नव्या खात्याला परवानगी द्या आणि तो आकडा काढून टाका.

नारायणपेठी

एक राहिलं. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली आणि परत आली की हॉलमधला डबा डेस्कटॉपला वेगळा पत्ता देऊ शकतो. मॅप केलेला ड्राइव्ह आकडी पत्त्यावर असेल तर त्यावर लाल फुली येते. डब्याच्या डीएचसीपीमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' असेल तर पहिल्या डेस्कटॉपचा मॅक ॲड्रेस (त्याच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक) घालून पत्ता कायम करा. डब्याचा पासवर्ड कंपनी देत नसेल तर ड्राइव्ह नावाने मॅप करा. डेस्कटॉपचं नाव १५ अक्षरांच्या आत ठेवा आणि दोन्ही डेस्कटॉपची नावं वेगळी आहेत ना बघा. डिस्कची नक्कल असेल तर नावही एकच राहिलेलं असू शकतं.

पहिल्या डेस्कटॉपचं 'स्लीप' मात्र बंद करा. झोपलेल्या मशीनवरून टीव्हीला काहीच मिळत नाही. टीव्हीवर व्हीएलसी टाकून त्याला फक्त 'रीड' असलेलं वेगळं खातं द्या, म्हणजे रिमोट कोणाच्याही हातात असला तरी फोटो पुसले जाणार नाहीत.